टुल्लू

नवतपाचा तिसरा दिवस.
पहाटे साडेचारला आमच्या नंदनवनात
नळातून आधी नुसती हवा येते, खोकल्यासारखी.
मग मी टुल्लू लावते.

लावते आणि देवापुढे बसते.
तेवीस वर्षांची सवय.
खाली मोटारीची घरघर,
तिच्यावर माझं नाम.
टाकी भरते तेव्हाच माळही संपते.
किती जुळून आलंय, असं बहिणीला सांगायची मी,
कौतुकानं.

आज एकोणपन्नासाव्या मण्यावर लाइट गेली.

मोटार थांबली. कूलर थांबला.
वाळ्याच्या ताटीवरून थेंब पडत राहिले,
आधी भरभर, मग विचार करून.
आणि भिंतीपलीकडे
सोनकुसरेंच्या रिकाम्या बादलीत
पाणी पडलं.
आधी पत्र्यावर पाणी, मग पाण्यावर पाणी.
कोणीतरी अनवाणी धावत आलं,
"आई, नळ आले! गुंड आण, गुंड!"
पाहुणे आल्यासारखं.

मला हे माहीत नव्हतं, असं लिहिणार होते.
खोडते.
माहीत होतं.
सोनकुसरे बाई सातच्या उन्हात दोन डबे घेऊन
हापशीवर जाताना दिसायच्या,
मी म्हणायची, "काय तपून राहिलं नं यंदा!"
त्या म्हणायच्या, "हो नं बाई,"
आणि दोघी आभाळाकडे बघायचो,
जसं काही पाणी तिकडूनच कोणी ओढून नेत होतं.

वीस मिनिटं लाइट नव्हती.
वीस मिनिटं मी माळ तशीच धरून
पलीकडची भांडी मोजली.
बादली. गुंड. पुन्हा बादली.
मग काहीतरी लहान, गडू असावा.
इतका कान देऊन मी देवाचंही कधी
काही ऐकलं नव्हतं.

लाइट आली.
टुल्लू आपोआप सुरू झाला, बटण चालूच होतं.
पलीकडची धार बारीक झाली. तुटली.

मी उठले का?
लगेच नाही.
टाकी अर्धी होती. कूलर कोरडा. यांचं बीपी.
चार-पाच मिनिटं तरी बसून राहिले,
आणि ती चार-पाच मिनिटं
मला दिसत होती,
आटल्या विहिरीचा तळ दिसतो तशी,
त्यात पडलेल्या सगळ्या वस्तूंसकट.

मग बटण बंद केलं.

उद्याचं सांगता येत नाही.
नवतपाचे सहा दिवस आहेत अजून.
माळ तिथंच आहे, बोटाखाली एकोणपन्नासावा मणी,
जरासा ओला.