पाऊण मिलिमीटर

एका खणाची उंची चव्वेचाळीस पूर्णांक पंचेचाळीस.
ती मी ठरवलेली नाही, टेलिफोनच्या काळात
कुणीतरी ठरवून गेलं.
त्यातला पाऊण मिलिमीटर मी सोडून देते
शेजारच्या सर्व्हरसाठी,
म्हणजे खालचा ओढताना वरचा कुरकुरत नाही.

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या मागच्या गल्लीत
जशुभाईंच्या ब्रेकप्रेसवर
माझं ड्रॉइंग चहाच्या कपाखाली पसरलेलं.
त्यात लिहिलंय नव्वद अंश.
ते अठ्ठ्याऐंशीपर्यंत दाबतात.
पायडलवरून पाय उचलला
की पत्रा दोन अंश मागे येतो.
‘पतरुं याद राखे, बेन.’
हे मी वहीत उतरवून घेते,
सॉफ्टवेअरमध्ये त्याला रकाना नाही.

पहिल्या नमुन्याला झोळ आला.
पुढे दहा डिस्का, मागे दोन पॉवर सप्लाय,
मधे तळ लोंबला, बरोबर पाऊण मिलिमीटर.
शेजाऱ्याला सोडलेली जागा
आपणच खाल्ली होती.
रॅकमध्ये निम्म्यावर अडला तेव्हा
निनाद पागेने तळव्याने एक ठोसा दिला
आणि मग माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग तळाला दोन उभ्या पन्हळी.
मग त्या पन्हळींनी पंख्यांची वाट अडवली.
मग पंखे अर्धा इंच मागे,
मग केबल वळेना.
समोरच्या जाळीला षटकोनी भोकं पाडत गेले,
साठ टक्के पत्रा काढून टाकला, वारा आला,
आणि जाळी अंगठ्याने दबू लागली.
अशा तीन आठवड्यांत
अकरा वेळा फाइलच्या नावापुढे ‘फायनल’ लिहिलं.

दांडिया बाजारात आई विचारते,
नक्की करतेस काय तू?
मी सांगते. ती ऐकून घेते.
‘म्हणजे डबाच की.’
डबाच.
झाकण नीट लागावं,
आतलं गरम होऊ नये,
आणि उघडताना कुणाचं बोट कापू नये.

हे शेवटचं ड्रॉइंगमध्ये एकाच ओळीत असतं,
खाली, बारीक अक्षरात: सर्व धारा बोथट कराव्यात.
कुठल्यातरी थंड खोलीत, रात्री अडीचला,
टॉर्च दातांत धरून कुणी हात आत घालेल.
त्याला मी दिसणार नाही, जशुभाई तर नाहीच.

चौथा नमुना आज आला.
हातमोजा काढून सगळ्या कडांवरून बोट फिरवलं.
उजव्या कोपऱ्यात, रेलच्या मागे,
अजून लागतंय.
जशुभाई, कानस.