टक्का ई शून्य

रुवीत, कार्गो ऑफिसच्या पोटमाळ्यावर,
गळक्या एसीखाली बादली ठेवून
मी लॉग वाचते.
खाली सजीश पेट्यांना टेप मारतो,
चर्रर्र, चर्रर्र, रात्रभर.

हजार ओळी निरोगी. दोनशे, दोनशे, दोनशे.
मग एक: चारशे चार.
मागितलेलं पान आमच्याकडे नाही,
आणि त्याचं नाव तरी काय,
टक्का ई शून्य टक्का ए पाच टक्का ए ए
टक्का ई शून्य टक्का ए पाच टक्का ए सहा
टक्का ई शून्य
असं अडखळत, बोबडकांदा बोलतो तसं,
तेच अक्षर पुन्हा पुन्हा धरून.

आठ दिवस. रोज रात्री अकरा दहाला.

सजीश म्हणाला, बॉट आहे, दार लाव.
दुर्रा मॅडम म्हणाल्या, ऑडिट येतंय, लाल ओळी नकोत.
लावणारच होते दार.
पण बॉट दमत नाही, आणि हा दमायचा.
एकदा मागायचा, चाळीस सेकंद थांबायचा,
पुन्हा मागायचा,
मग उद्यापर्यंत गप्प.

सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचला लावलेलं.
त्याचे अकरा दहा म्हणजे मस्कतचे पहाटेचे तीन दहा,
आणि ज्या टॉवरवरून मागणी येत होती
त्या किनाऱ्यावर चार चाळीस.
एवढ्या लवकर तिथे कोण उठतं, मला माहीत आहे.
रेंज तेव्हाच मिळते,
गावातले बाकीचे मोबाईल झोपलेले असताना.

मग पाठकोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली.
ई शून्य, ए पाच खोडत गेले. उरलं ते मांडलं.
ए ए म्हणजे चार. ए सहा, शून्य. ए डी, सात.
४०७ आणि पुढे.
आपले आकडे.

आमची पावती!
गेल्या महिन्यात मराठीत केलेली.
कोणी केली? मीच.
पाठवणाऱ्याचे नाव. वजन. वस्तू नाजूक आहे काय.
किती हौसेने. आणि हौसेच्या भरात
नंबरसुद्धा.
मशीनला इंग्रजी आकडेच कळतात
हे ठाऊक असलेली या इमारतीत मी एकटी.

बाकीच्यांनी फोन केले असतील, शिव्या घातल्या असतील.
या एका माणसाने पावतीवर विश्वास ठेवला.
छापलंय तसं टाइप केलं.
मग मधली जागा काढून.
मग शेवटचं शून्य गाळून.
मग पावतीवरची आडवी रेघही घालून.
अगदी माझ्यासारखंच,
एका वेळी एकच गोष्ट बदलत.

आठव्या रात्रीची ओळ लांब होती.
वाटलं, पत्ता घातला असेल. किंवा शिवी.
सोडवत गेले.
क. ऋकार. प. य. काना.
मग टक्का वीस, म्हणजे मोकळी जागा.
मग नंबर.

कृपया.
यंत्राला.

बादली भरली होती, ती ओतून आले.
गच्चीवरून हमरियाचा डोंगर दिसतो,
पहाटेसुद्धा तव्यासारखा.
परत बसून दहा ओळी लिहिल्या:
हा चार म्हणजे तो चार, हा सात म्हणजे तो सात,
आणि नंबराच्या मागेपुढे काही आलं
तर ते खपवून घ्यायचं.
काही म्हणजे काय, याची शेजारी टीप लिहायची असते.
लिहिली नाही.

दुसऱ्या रात्री तीन दहाला
तीच मागणी, कृपयासकट.
दोनशे.
पान उघडून पाहिलं, काय दिसलं असेल तिकडे:
पेटी एक. बत्तीस किलो. नाजूक, होय.
जहाज सोहारहून सुटले.

खालून सजीशने विचारलं, बॉट गेला?
गेला, म्हटलं,
आणि चाळीस सेकंद होऊन गेले तरी
तीन बारापर्यंत तशीच बसून राहिले.