चाळीसचा बल्ब

पियानोच्या पोटात चाळीसचा बल्ब
रात्रंदिवस पेटता ठेवतात कॅजिटान मास्तर,
वेंगुर्ल्याच्या हवेनं पट्ट्या फुगू नयेत म्हणून.
तरी एक फुगलीच आहे, मधल्या सप्तकातली काळी.
दाबली की उठायला वेळ घेते.

मी वाजवत होते गेममधली धून.
पाण्याखालच्या गुहेची, बावीस सेकंदांची,
मग पुन्हा पहिल्यापासून.
रुझार आणि मी एकाच रिमोटवर भांडायचो.
मी बुडून मरायचे, तो करवंदं खात हसायचा,
आणि धून तशीच,
कुणी मेलं काय, जिंकलं काय,
सगळे सूर एकाच जोरात.

"ह्या संपता खंय?" मास्तरांनी विचारलं.
"संपना नाय, सर. आपलो दम संपता."
"मगे घे मां दम."

घेतला.
ओहोटीला होडी कुशीवर कलंडते
तसा डावा हात टेकवला.
फुगल्या पट्टीसाठी थांबले, पहिल्यांदाच न चिडता.
रुझार आता टँकरवर असतो,
रेंज आली तर शनिवारी बोलतो, जेवलीस का इतकंच.
दुसरी फेरी हळू.
तिसरी इतकी हळू
की बंदरावर बर्फ फोडताना ऐकू आलं.
चौथी वाजवली नाही.

काळी पट्टी सावकाश वर आली.