बाबांचे खण

बाबा एकतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते.
रात्रीच्या जी.टी.त उभ्यानं पत्रं फेकत
बल्लारशा यायच्या आत सगळे खण भरायचे.
गावं हाताला पाठ. पाहिलेली फार थोडी.
आता मला विचारतात,
"डॉक्टर तर झाली न तू? मग ही पोस्ट कुठली अजून?"
पोस्टडॉक, बाबा.
"पोस्टात तर आम्ही होतो," म्हणतात
आणि एकटेच हसतात.

मी राख मोजते.
कोराडीच्या चिमण्यांतून निघून
मानकापूरच्या गच्च्यांवर, वाळत्या चादरींवर,
कडुनिंबाच्या पानामागे येऊन बसते ती.
सहा वर्षं पानं पुसली, काचपट्ट्या केल्या,
तेव्हा कुठे दारावर पाटी: डॉ. चित्रलेखा हेडाऊ.
तासिकेवर शिकवते.
उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत.

सरांना शिफारसपत्र मागितलं.
सर निवृत्त होऊन सेलूला राहतात.
"तूच लिहून आण, मी सही करतो."
मग मी लिहिलं, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल:
ती चिकाटीची आहे. ती शंका विचारायला लाजत नाही.
ती नव्या जागी लवकर रुळेल.
हे मला तोंडावर कधी कोणी म्हटलं नव्हतं.
सरांनी न वाचता सही केली. वरून ताक पाजलं.

घेंट. ग्राट्स. उप्साला. टार्टू.
बाबा ॲटलास मांडीवर घेऊन बसतात.
"ग्राट्सले कोणत्या जंक्शनवरून जा लागते?"

ग्राट्सची मुलाखत मे महिन्यात,
आपले दुपारचे साडेतीन. शेहेचाळीस डिग्री.
कूलरचा आवाज पलीकडे जातो, म्हणून बंद.
बाबा स्वयंपाकघरात, बनियनवर, पुठ्ठ्यानं वारा घेत,
खोकला आला तर म्हणून उशी जवळ.
पडद्यावर तीन माणसं. मागे खिडकी,
खिडकीत नुसतं हिरवं.
बाई म्हणाल्या, तिकडे हवा कशी आहे?
छान, मी म्हटलं.
घाम कोपरावरून टेबलावर पडत होता.
"तुमची राख इथे नाही. इथे काय मोजाल?"
मी सांगितलं काहीतरी. बरंच सांगितलं.
कूलर पुन्हा सुरू झाला,
प्रश्न तिथेच बसून होता.

अठराव्या दिवशी उत्तर:
अर्ज फार, दर्जा उंच, पुढील वाटचालीस शुभेच्छा.
बाबा म्हणाले, वाच पुन्हा. वाचलं.
"पत्ता चुकला असं नाही न हे.
कधी थैलीच उतरत नाही ठेसनावर.
गाडी दोन मिनिटं थांबते, माणूस झोपून राहते.
मीच एकदा इटारसीची थैली नागपुरात घेऊन आलो होतो.
दुसऱ्या दिवशी उलटी पाठवली.
पोचली न बाप्पा."

टार्टूचं रात्री पावणेदोनला आलं.
सध्या निधी नाही. शरद ऋतूत पुन्हा लिहा.
स्वतःची फेलोशिप मिळवता आली तर उत्तम.

सकाळी बाबांनी विचारलं,
"शरद म्हणजे नेमका कधी त्यांचा?"
सप्टेंबर.
"म्हणजे मारबत झाल्यावर."
कालनिर्णय खिळ्यावरून उतरवलं,
चष्मा पुसला,
मारबतीच्या पुढच्या चौकटीत लाल रिफिलनं
बारीक अक्षर काढू लागले: टा, र्...
मग थांबले.
"पहिला उकार की दुसरा?"

दुसरा, मी म्हटलं.
मला तरी कुठे माहीत होतं.