लॉर्ड थर्नहॅमची शाई

मायफळं कुटायची, हिराकस घालायचा,
पावसाच्या पाण्यात आठ दिवस भिजत ठेवायचं.
एकतीस वर्षं मी ही शाई केली
आणि धन्यांनी ती भांडणात संपवली.

पहिला दावा हंसांचा.
स्वेल नदीच्या वळणावर सर ॲम्ब्रोज पेलनं
पाच हंसांच्या चोचींवर आपली खूण कोरली.
धनी म्हणाले, लिही जेनकिन,
अंडी माझ्या लव्हाळ्यात घातली होती.
सोळा पानं झाली.
तोवर दोन हंस पेलच्या मुदपाकखान्यात भाजले गेले
आणि त्या वासावरून मी सतरावं पान लिहिलं.

मग चर्चमधलं बाक. पेलचं बाक
आमच्यापेक्षा चार बोटं पुढे.
चार बोटं! मी स्वतः दोरी लावून मापली.
त्या रविवारी पाद्र्यानं क्षमेवर प्रवचन दिलं.
रोख माझ्याकडे होता, म्हणून
धन्यांनी त्याच्यावरही अर्ज ठोकला.

लंडनला मोठ्या न्यायसभेत बोलावणं आलं,
जिच्या छतावर सोनेरी तारे रंगवलेत.
न्यायाधीश गुन्हे वाचत होते,
शेरीफच्या गालावर हातमोजा मारला, वगैरे,
आणि धनी मान वर करून तारे मोजत होते.
एक कमी आहे, ते म्हणाले,
रंगाऱ्यानं तुम्हाला फसवलंय.
दोन हिवाळे तुरुंग.
तिथे मेणबत्तीच्या भावावरून जेलरशी,
खोकल्यावरून पलीकडच्या कोठडीशी.
घरी आले ते चार वर्षांनी तरुण होऊन.

बाईसाहेब सिबिल त्याच घरात, उत्तरेच्या अंगाला.
मध्ये एक जिना आणि मी.
तुमच्या खोल्यांत ओंडके जास्त जळतात,
असं मी वर न्यायचो.
त्या कागदाच्या पाठीवर एकच शब्द लिहून द्यायच्या:
पोचलं.
असे दोनशे नऊ कागद माझ्या पेटीत आहेत.

माणूस मनानं चांगला होता, असं मी म्हणणार नाही.
पेलच्या गिरणीचा बंधारा त्यांनी रातोरात फोडवला.
पाणी सुटलं, त्यात विल टॅनरची गाय गेली,
आणि गाईमागे विल टॅनर.
सकाळी मी लेखणी तासून बसलो.
दुपारी पुन्हा तासली.
त्या दिवशी मला काहीच लिहायला सांगितलं नाही.
पेलनं भरपाई मागितली ती बंधाऱ्याची,
आम्ही उत्तर दिलं तेही बंधाऱ्याचंच.

शेवटच्या वर्षी थडग्याचं काम निघालं.
पाथरवटानं नाक फार आखूड काढलं,
माझ्या बापाचं नाक आहे हे, धनी ओरडले,
पैसे अडवले.
तो छिन्नी गुंडाळून यॉर्कला निघून गेला.
म्हणून त्यांच्या पायाशी जो सिंह आहे
त्याला अजून तोंड नाही.

फेब्रुवारीत श्वास लागला.
रात्री घंटी वाजली, मी शाई घेऊन गेलो.
लिही, म्हणाले.
फिर्यादी, विल टॅनर.
मी लिहिलं. थांबलो.
आरोपीचं नाव, धनी?
टाकाच्या टोकावर शाई दोनदा वाळली.
बाहेर बर्फावरून कुणाचं तरी घोडं गेलं.
ते छताकडे बघत होते,
तिथे तारे नव्हते, नुसती तुळई.

वारसानं कागद चीज गुंडाळायला विकले.
तो एक मी ठेवला.
पुढे कधीतरी ॲलिस टॅनर दारात आली,
हात लोकरीच्या तेलानं चिकट.
तुझ्याकडे माझ्या नवऱ्याचं काही लिहिलेलं आहे म्हणतात.
फक्त नाव आहे, मी म्हटलं, पुढचं राहिलं.

मला वाचता येत नाही, ती म्हणाली.
तू वाच.

मी वाचलं.
ती म्हणाली, परत.