ओळंबा

किल्ली ओब्दुलियाकडे असते,
स्वयंपाकघराच्या दारामागे, खुंटीवर.
वीतभर लोखंड. पाऊण किलो तरी भरेल.
"गावात आता अकरा माणसं," ती चालता चालता म्हणते,
"आणि एक करकोचा. तोही हल्ली
हिवाळ्यात कुठे जात नाही."

सोरियाच्या उत्तरेला, उघड्या पठारावर
हे चर्च बुटकं, टेकडीला पाठ लावून,
गुडघे पोटाशी घेतलेल्या मेंढपाळासारखं.
वळचणीखाली दगडी तोड्यांची रांग:
पिंपाला मिठी मारलेला दारुडा,
वीणेसारखं काहीतरी छेडणारा ससा,
एक बाळंतीण, जिचा चेहरा पावसानं पुसून नेला,
आणि सातवा तोडा कोराच. नुसता ठोकळा.
पाथरवटाची मजुरी थकली होती म्हणतात.
ओब्दुलियाची आई म्हणायची, छे,
तो जेवायला गेलाय.

आत आधी थंडी भेटते. मग अंधार.
मग सावकाश, एकेक करून, भिंती.
तीन हात जाड. खिडक्या इतक्या अरुंद
की उजेडाला अंग चोरून यावं लागतं.
वर छत, आडव्या पडलेल्या पिंपाच्या पोटासारखं,
सगळं दगडाचं, एकही तुळई नाही.
भिंतीवर बोट फिरवलं तर खुणा लागतात:
बाण, मासा, अर्धा तारा.
ज्यांना नाव लिहिता येत नव्हतं
त्यांनी शनिवारच्या हिशेबासाठी केलेल्या सह्या.

ती बाकावर चढते.
(वय ब्याऐंशी. हात पुढे केला तर रागावते.)
किल्लीला सुतळी बांधते,
वर भिंतीला आपली चार बोटं टेकवते,
बोटांवरून सुतळी सोडते.
किल्ली झुलते.
झुलते.
आणि खाली, फरशीच्या जरा वर,
भिंतीला घासून थांबते.

"चार बोटं," ती म्हणते. "एवढी बाहेर कललीय.
छताला खाली यायचंय.
नऊशे वर्षं ते हिला ढकलतंय,
आणि ही नुसती ऐकून घेते."

"पूर्वी किती होती?" मी विचारतो.

"बाबा मोजायचे तेव्हा तीन."
ती सुतळी गुंडाळते, एप्रनच्या खिशात घालते,
बाकावरून उतरताना क्षणभर
भिंतीचाच आधार घेते.

"पण त्यांची बोटं जाड होती."