चूल मोजा

सरांनी व्याख्या दिली होती दोन ओळींची:
एका चुलीवरचं जे खातात, ते एक घर.
चूल मोजा, माणसं आपोआप मोजली जातील.
ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून
विट्याहून दुपारच्या एसटीनं मी हिवरतळला उतरले.
गेरूचा डबा, ब्रश, दोनशे छापील तक्ते.

पहिल्या दिवशी नुसते आकडे,
उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर.
पोरं मागं मागं. एक म्हणाला, पोलिओचं हाय.
दुसरा म्हणाला, न्हाई, पायपलायनीचं.
गुरवाच्या म्हातारीनं चौदा नंबर ओल्या फडक्यानं पुसला:
"कालच पोतेरं केलंय भिताडाला."
दारावर नाही तो आकडा. तक्त्यात आहे.

एकोणीस ते सत्तावीस, कुलपं.
तेल घातलेली, जपलेली कुलपं.
शेजारीण गावं सांगते, पलीकडची आळी सांगावी तशी:
सेलम, कोईमतूर, नागरकोईल, एक कानपूर.
सोनं गाळायला गेलेली माणसं.
तिकडं त्यांच्या मुशीत दुसऱ्यांचं सोनं वितळतं
आणि इकडं माळावर तीन मजले उभे राहतात,
ग्रॅनाइटचा उंबरा,
पाण्याच्या टाकीवर सिमेंटचं विमान.
रकाना सहा: सध्या उपस्थित.
मी नऊ वेळा शून्य लिहिलं.

अठ्ठावीसला दोन भाऊ, एक दार.
दत्तू देवकर म्हणाला, एकच घर, लिवा.
आतून भावजय म्हणाली, दोन.
सिलिंडर दोन. मिठाच्या बरण्या दोन.
ओट्याच्या मधोमध खडूची रेघ
आणि बटाटे दोन्हीकडं घरंगळलेले.
"आणि भाकरी?"
कुणीच बोललं नाही.
भाकरी एकाच तव्यावर. तवा आईचा,
तो काही मधून कापता आला नव्हता.
मी अठ्ठावीस लिहिलं, मग अठ्ठावीस-अ,
मग अ खोडला,
मग सरांना विचारायला टेकाडावर चढले.
रेंज नव्हती. वारा मात्र भरपूर.

एक्केचाळीस: गोजराबाई हसबे.
मी तिच्याकडंच उतरलेली,
म्हणून तिचा तक्ता रोज उद्यावर.
शेवटी बसले समोर, पॅड मांडीवर घेऊन.
किती माणसं?
"अकरा."
मी मांडणीकडं बघितलं. घासलेली दोन ताटं.
ती पेरांवर मोजत गेली:
थोरला, त्याची बायकू, तीन लेकरं, सेलमला.
लेकरं फोनवर पाट्टी, पाट्टी करत्यात,
मला वाटलं शाळंतली पाटी मागत्यात,
दोन घिऊन ठिवल्यात कोनाड्यात.
धाकटा, त्याची बायकू, दोन लेकरं. झाली नऊ.
मी धा.
"आणि अकरावं?"
तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली
की मीच प्रश्न चुकीचा वाचला असावा.
"दोन म्हयनं भाकरी कुणाची खातीस?"

मी नियम सांगितला.
सहा महिने राहिलेलंच माणूस धरतात, आजी.
"मग ऱ्हा की."

इचलकरंजीत, आईच्या दाराशी, गेल्या खेपेला
कुणी असाच पॅड घेऊन आलं असेल,
तेव्हा तिनं मला धरलं की वगळलं,
मी कधी विचारलं नाही.

"आणि धरायचं आसंल तर घागर उचल,
नळ सुटलाय, पंधरा मिंटं ऱ्हातो."

मी उठले. पॅड पालथं ठेवलं.
रांगेत अठ्ठावीसची भावजय पुढं होती,
तिनं दोन हंडे भरले, एक दिराच्या दाराशी ठेवला,
न बोलता, आदळून.

परत आले तर रकाना सहा तसाच कोरा,
आणि माझ्या डब्यात गेरू नव्हता.
उरलेला सगळा तिनं चुलीला फासला होता.
गॅस आहे तिच्याकडं, हप्त्यावर घेतलेला,
पण भाकरी त्याच्यावर फुगत न्हाई म्हणते.
"बाजूनं जा," ती म्हणाली,
"वलं हाय अजून."